काकू, आपलं फुकटातलं लखनऊ

काकू, तुमच्या तेराव्याला लोक तुमच्याबद्दल इतकं गोड बोलत होते, की मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या तेराव्याला येऊन बसलोय. ‘बड़ी मीठी थीं,’ समोरच्या मिश्राआंटी म्हणाल्या. ‘सब पर भरोसा करती थीं.’ सब पर! आणि हे कोण म्हणतंय, तर ज्यांच्याकडून आलेला प्रसाद तुम्ही खिडकीत ठेवून आधी मुंगी खाते का बघायचात, आणि मुंगी चालत गेली तरच नातीला, चिमीला द्यायचात, त्या!

वर्षा, तुमची सून, माझ्या कानाला लागून म्हणाली, ‘प्राजू, या कुणाबद्दल बोलतायत गं?’ झालं. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून अशा गदगदायला लागलो की सगळ्यांना वाटलं, रडतोय. नंतर खरंच रडलो. पण सुरुवात हसण्याने झाली, हे सांगून टाकते. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तुम्ही उलटतपासणी घेतली असतीत.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी कुणीतरी तुमच्यावर लिहा म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तर आता मी आमच्या बिल्डिंगखालच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसून भराभर बडवतेय. हिंदी मशीन आहे, त्यात ‘ळ’च नाही, तो नंतर पेनने घालीन. तुमचा जन्म कधीचा, काका सुभेदार म्हणून कधी रिटायर झाले, तेलीबागेत घर कधी बांधलं, ते सगळं फोटोखाली छापणार आहेत. मला तुमच्याशी बोलायचंय. एक गोष्ट विचारायचीच राहिलीय आणि ती मला झोपू देत नाहीये.

आपली पहिली भेट आठवते? दुधाच्या बूथवरची रांग, थंडी, ओंकार माझ्या कडेवर रडतोय, आणि मी त्याला म्हणतेय, ‘गप रे सोन्या, आत्ता मिळेल दूदू.’ पुढे उभी असलेली बाई गर्रकन वळली. मी मनात म्हटलं, आली! लखनऊमध्ये आल्यापासून नवऱ्याच्या, सुहासच्या बँकेतली मंडळी सोडली तर भेटलेलं पहिलं मराठी माणूस! मला वाटलं आता गळ्यात पडणार.

‘कुठल्या गं तुमी?’

‘नाशिकच्या.’

‘नाशकात कुठं?’

‘पंचवटीत.’

‘पंचवटीत देवळाच्या अलीकडं का पलीकडं?’

मी म्हटलं, ‘काकू, तुम्ही नाशिकला होतात का?’

‘न्हाय,’ तुम्ही म्हणालात. ‘मी कराडची. पण माणूस खरं बोलतंय का, ते बोलण्याच्या पद्धतीवरनं कळतं.’

म्हणजे उत्तर बरोबर आहे का हे तुम्हाला माहीतच नव्हतं, तुम्ही फक्त माझा चेहरा वाचत होतात! मी घरी येऊन सुहासला म्हटलं, एक मराठी काकू भेटल्या, भयंकर आहेत. आणि दुसऱ्या दिवशी मी बूथवर पुन्हा तुम्हालाच शोधत होते.

मग मे महिना आला. सुहासला रजा नाही, नाशिकचं रिझर्वेशन नाही, दोन खोल्यांत एक कूलर, आणि सव्वादोन वर्षांचा ओंकार त्या कूलरच्या जाळीत बोटं घालतोय. मला सकाळी उठल्या उठल्या रडू यायचं. वर्षा ऑफिसला जायची, तर चिमी दिवसभर तुमच्याकडे. ती ओंकारपेक्षा जेमतेम मोठी. एका सकाळी तुम्ही दाराशी उभ्या राहिलात आणि म्हणालात, ‘चल. पोरांस्नी सुट्टी हाय का न्हाय? मग सुट्टीला जाऊ.’

‘कुठे?’

‘हितंच. लखनऊला.’

लोक लखनऊला सुट्टीला येतात तर इमामबाडा बघतात, भूलभुलैया बघतात. तुम्ही म्हणालात, दोन वर्षांच्या पोराला कसला भूलभुलैया, त्याला अजून आपलं घरच भूलभुलैया. त्याला काय लागतं? हलणारं काहीतरी, आवाज करणारं काहीतरी, आणि बसायला सावली. बास. आणि त्यातलं काहीही विकत मिळत नाही. आपण लू, ती दुपारची भाजणारी झळ, सुरू व्हायच्या आत घरी परत, हा नियम. ऊन लागू नये म्हणून प्रत्येक पोराच्या खिशात एक कांदा. डोक्याला ओला पंचा. बाटलीत मीठ-साखरेचं पाणी, तेही घरचंच, कारण रस्त्यावरचा प्याऊ, आपली पाणपोई, कुणी बांधला, का बांधला, हे तुम्हाला आधी कळायला हवं असायचं.

काय काय केलं काकू आपण! रेल्वेच्या फाटकापाशी कडुलिंबाच्या झाडाखाली बसून मालगाडीचे डबे बघितले. फाटकवाला झेंडी दाखवायचा तेव्हा ओंकार उभा राहून सलाम ठोकायचा, तो तुम्हीच शिकवलेला. लष्कराच्या छावणीतल्या रस्त्याच्या कडेला उभं राहून भिंतीपलीकडच्या बँडची प्रॅक्टिस ऐकली. तोच तोच तुकडा ते परत परत वाजवायचे, चुकायचे, पुन्हा सुरू करायचे, आणि पोरं दर वेळी नव्याने नाचायची. गोमतीवर धोबी कपडे आपटताना बघितले. रेसिडेन्सीच्या, त्या इंग्रजांच्या पडक्या कोठीच्या हिरवळीवर खारींना शेंगदाणे टाकले. हजरतगंजला दुकानं उघडायच्या आत जाऊन बंद काचांमधली खेळणी बघितली. ‘दुकान उघडायच्या आत जायचं. उघडल्यावर पोरगं रडतं आणि दुकानदार हसतो.’ हे मी आता माझ्या सगळ्या मैत्रिणींना सांगते, नाव माझं लावून!

आणि या सगळ्यात तुम्ही एका हाताने चिमीला धरलेलं, आणि डोळे चारी दिशांना. तुमच्या जुन्या नऊवारीचा काठ फाडून तुम्ही एक पट्टी केली होती, तिचं एक टोक चिमीच्या मनगटाला आणि दुसरं तुमच्या. रेसिडेन्सीत एक कॉलेजची पोरगी म्हणाली, ‘आंटी, बच्ची है कि बकरी?’

‘बकरी होती तो खुली छोड़ती,’ तुम्ही म्हणालात. ‘बकरी को कौन उठाता है?’

ती बिचारी पुढे गेली. तुम्ही मला म्हणालात, ‘ही विचारून का गेली गं?’

काकू, यार! ती नुसती चेष्टा करत होती!

इथल्या लोकांच्या तारीफ करण्याने तर तुमचा जीव जायचा. ‘अरे कितना प्यारा बच्चा है, चाँद का टुकड़ा,’ कुणी म्हटलं की घरी येऊन आधी मीठ-मोहरी. ओंकारवरूनही उतरवायचात, मला न विचारता. ‘आपल्याकडं एवढं कौतुक कुणी करतं का? म्हणतात, काय गं, वाळलंय पोर. म्हंजे माणूस साधा. हे इतकं गोड का बोलत्यात?’ मी म्हणायचे, काकू, इथली तहजीबच आहे तशी. तुम्ही म्हणायचात, ‘बघू की.’ हे ‘बघू की’ म्हणजे तुमचं सगळं आयुष्य होतं असं मला वाटतं. काकांच्या प्रत्येक पोस्टिंगला नवीन शेजार. प्रत्येक ठिकाणी बायका गोड, जीव लावणाऱ्या. ‘आणि बदली झाली की एक पत्र न्हाय टाकत,’ हे तुम्ही एकदा कांदा कापता कापता म्हणालात आणि लगेच विचारलंत, ‘तुमची बदली कवा?’

ते तुम्ही मला आठवड्यातून एकदा तरी विचारायचातच.

मला वाईट वाटायचं ते एवढ्याचंच. सगळ्या जगावर संशय ठीक आहे. पण माझ्यावर? मी ओंकारला तुमच्यापाशी सोडून बँकेत, पोस्टात, कुठेही जायचे. तुम्ही मात्र चिमीचा हात एकदाही माझ्या हातात दिला नाहीत. चारबाग स्टेशनवर आपण पोरांना मोठं इंजिन दाखवायला गेलो होतो ना, तिथे नळावर पाणी प्यायला तुम्हाला दोन्ही हात हवे होते. मी म्हटलं, द्या ती पट्टी, धरते. तुम्ही म्हणालात, ‘ऱ्हाऊ दे.’ आणि एका हाताची ओंजळ करून, निम्मं पाणी अंगावर सांडत प्यायलात.

मी प्लॅटफॉर्मवरच भांडले. ‘माझ्यावरसुद्धा विश्वास नाही काकू? इतकं रोज येते-जाते मी?’

‘माझा माझ्यावर न्हाय,’ तुम्ही तोंड पुसत म्हणालात, ‘तुझ्यावर कसला ठेवू?’

लोक वळून बघत होते. ओंकार इंजिनाला सलाम करत होता. मी घरापर्यंत बोलले नाही तुमच्याशी. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कांदे घेऊन दारात हजर, जसं काही झालंच नाही.

आणि मग मलिहाबाद! हे मी तेराव्याला कुणाला सांगितलं नाही. ही गोष्ट आपली आहे.

आपल्या बाजारात ते म्हातारे खाँसाहेब मलिहाबादच्या स्वतःच्या बागेतले दशहरी आंबे घेऊन बसले होते. ओंकारला एक फोड दिली. त्याने ती अख्खी तोंडाला फासली, तर ते हसत म्हणाले, ‘मियाँ, ये तो नमूना है. कभी बाग़ में तशरीफ़ लाइए. बाग़ आपका ही है.’

मी म्हटलं, ‘जी शुक्रिया.’ इथे असंच म्हणतात, आपणही असंच म्हणायचं, विषय संपला.

तुम्ही म्हणालात, ‘पता बोलो.’

खाँसाहेबांचं हसू किंचित अडलं. मग त्यांनी पत्ता सांगितला. तुम्ही तो दोनदा वदवून घेतलात, मधल्या विहिरीसकट.

वाटेत मी तुम्हाला समजावून थकले. काकू, ही बोलायची पद्धत आहे, खरंच जायचं नसतं. तुमचं एकच, ‘आमच्याकडं या म्हटलं की माणूस येतं. न्हाय आलं तर राग येतो. आणि हा नुसतंच म्हणत आसंल तर मग खोटं बोलतोय, म्हंजे मी म्हणते तेच खरं. बघू की!’

तुमच्या डोळ्यांत चमक होती काकू. अख्ख्या लखनऊला रंगेहाथ पकडायला निघाल्यासारखी!

पहाटेची बस. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्या विहिरीपाशी उतरलो, पायवाटेने आत गेलो, तर खाँसाहेब बनियन-लुंगीवर खाटेवर बसून दातून करतायत. आपण चौघं समोर, डब्यासकट, पट्टीसकट. त्यांच्या तोंडातली काडी तशीच राहिली. मला वाटलं जमीन फाटावी. तुम्ही मात्र त्यांच्या चेहऱ्यावरची नजर हलवली नाहीत. माणूस खरं बोलतंय का, ते वाचत होतात.

‘आप बोले थे, आओ,’ तुम्ही म्हणालात. ‘हम आया.’

ते उठले. आत गेले. मला वाटलं, गेले, आता कुत्रा सोडणार. बाहेर आले ते कुर्ता घालून. ‘तशरीफ़ रखिए,’ म्हणाले, आणि स्वतः खाट ओढून सावलीत आणली.

काय दिवस होता तो! पोरांनी खाली पडलेल्या कैऱ्या वेचून ढीग केले, ते मोडले, पुन्हा केले. बादलीत गार पाण्यात आंबे. ओंकारने आंब्याऐवजी बादलीच पसंत केली, तो तिच्यातच बसला. तुम्ही खाटेच्या काठावर ताठ. ‘ये कुत्ता बाँधा क्यों है? काटता है?’ ‘उधर झोपड़ी में कौन है?’ खाँसाहेब एकेकाचं उत्तर देत होते, अदबीने. मग त्यांनी आंबा पुढे केला, तर तुम्ही म्हणालात, ‘पहले आप.’

काकू, मी तिथे मेले. अख्ख्या लखनऊमध्ये ‘पहले आप’ खऱ्या अर्थाने म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या!

खाँसाहेबांना कळलं. त्यांनी तुमच्यासमोर आंबा खाल्ला, पूर्ण, कोय चोखून. मग म्हणाले, ‘बहन जी, इतना शक?’

‘शक नहीं,’ तुम्ही म्हणालात. ‘आदत.’

ते हसले. म्हणाले, ‘ईमान की कहूँ तो मैंने रस्मन, यूँ ही कह दिया था. सारी उम्र कहता आया हूँ, बाग़ आपका ही है. कोई आया नहीं. आप पहली हैं जिन्होंने सच मान लिया.’

तुम्ही हात पुढे केलात. आंबा उचललात. दशमी त्यांच्यापुढे सरकवलीत आणि चटणी वाढलीत, भरपूर. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिखटाने की कशाने, ते मला माहीत नाही.

परतीच्या बसमध्ये पोरं मांडीवर झोपलेली, आंब्याने चिकट. मी नुसती उड्या मारत होते. ‘काकू, कळलं का तुम्हाला? त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारं जगात एकच माणूस निघालं, आणि ते तुम्ही!’

‘इश्वास बिश्वास काय न्हाय. तपासाया गेले हुते.’

‘मग तपासलंत. काय निघालं?’

‘आंबा गोड हुता.’

‘काकू!’

‘एकदा तपासून काय कळतंय? ह्यो आजचा दिवस झाला.’

हे आपलं भांडण संपलं नाही. मी म्हणायचे, ठेवल्याशिवाय विश्वास तयारच होत नाही. तुम्ही म्हणायचात, तपासल्याशिवाय ठेवणारा माणूस आळशी. दिवाळीपर्यंत चाललं. फराळाच्या ताटावरूनही चाललं, कारण माझ्या चकल्या तुम्ही आधी मला खायला लावल्यात. मग तुमचं ते पोटाचं सुरू झालं. डॉक्टरांवर संशय, रिपोर्टवर संशय, आणि काकू, त्या वेळी मला इतकं वाटत होतं की या एका गोष्टीत तरी तुमचा संशय खरा निघू दे. नाही निघाला.

शेवटच्या दिवसांत चिमी आमच्याकडेच असायची. वर्षा तुमच्यापाशी, काका तुमच्यापाशी, मग कोण बघणार? तुम्हाला विचारलंच नाही कुणी. मी रोज घाबरलेली, तुम्हाला कळलं तर काय म्हणाल. त्या दुपारी मी वॉर्डात आले. पोरांना वर सोडत नाहीत म्हणून ती दोघं खाली, सुहासपाशी. त्या केरळच्या सिस्टर तुमच्या कॉटपाशी होत्या, हातात इंजेक्शनचा ट्रे. मी बाजूला उभी राहिले. त्या गेल्या. तुम्ही डोळे उघडलेत.

‘चिमी कुणाकडं हाय?’

मी म्हटलं, ‘माझ्याकडे आहे काकू.’

आणि मी तयार होऊन उभी राहिले. आता येणार. जेवली का? काय जेवली? तू बघितलंस का कुणी सांगितलं? आता कुणी धरलंय? खालचं दार उघडं हाय का? मी सगळी उत्तरं ओळीने लावून ठेवली होती.

तुम्ही म्हणालात, ‘बरं.’

आणि डोळे मिटलेत.

एवढंच. पुढचा प्रश्न आलाच नाही. तुम्ही मला पुढचा प्रश्न न विचारलेली ती पहिली वेळ, आणि नंतर तुम्ही बोलला नाहीत.

सुहास म्हणतो, ‘तुमची बदली कधी’ असं विचारायच्या ना, आणि बघ, आधी कोण गेलं. मी त्याला सांगितलं, पुन्हा असं म्हणू नकोस.

तर काकू, माझा प्रश्न हा. ते ‘बरं’ तुमचं होतं, की इंजेक्शनचं? सिस्टर इंजेक्शन देऊन निघाल्या होत्या, की परत येऊन देणार होत्या? मी किती आठवते, ट्रेवरची सुई भरलेली होती का रिकामी. आधी दिलं असेल तर ती नुसती गुंगी. नसेल तर तुम्ही मला चिमी दिलीत. पूर्ण. पट्टीशिवाय. मी अंथरुणात पडून त्या एका शब्दाची अशी उलटतपासणी घेतेय की तुम्हाला अभिमान वाटावा.

आणि काल काय झालं सांगू? तेलीबागच्या बाजारात मटारच्या ठेल्यापाशी मी उभी, एका हाताला ओंकार, दुसऱ्या हाताला चिमी. माझ्या शेजारी शाल गुंडाळून कुणीतरी शेंगा निवडतंय. बघते तर त्याच सिस्टर! त्यांनी मला ओळखलं. ‘आप वो मराठी आंटी के साथ थे न?’ म्हणाल्या. मग चिमीकडे बघितलं. ‘ये उनकी पोती?’

मी म्हटलं, ‘जी.’

‘बहुत पूछती थीं इसको,’ त्या म्हणाल्या.

काकू, प्रश्न माझ्या जिभेवर होता. एकच वाक्य. त्या दुपारी आधी की नंतर? त्यांना आठवलं असतं, नसतं, पण विचारलं असतं तर निदान तपासलं असतं. तुम्ही माझ्या जागी असतात तर त्यांना ठेल्यापासून हलू दिलं नसतंत. त्या थांबल्यासुद्धा, मला काहीतरी बोलायचंय हे त्यांना दिसत होतं. चिमी माझा हात धरून झुलत होती. तिचा हात थंडीने गार पडला होता, म्हणून मी तो माझ्या शालीत घेतला.

मी विचारलं, ‘सिस्टर, मटर मीठी है?’

‘मीठी है,’ त्या म्हणाल्या, ‘लेकर जाइए.’

ठेलेवाल्याने चाखायला एक शेंग सोलून पुढे केली होती. मी म्हटलं, राहू द्या भैया, तौल दीजिए.